दाव्याची रेघ

माझं माहेर कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. तिथं पूर म्हणजे बघायला जायची गोष्ट. पंचगंगा पात्राबाहेर पडली की वडील आम्हा भावंडांना स्कूटरवर कोंबून घाटावर न्यायचे. तिथं आधीच जत्रा भरलेली असायची. कुणी भजी खातंय, कुणी भाजलेलं कणीस, आणि पाण्यातून वर राहिलेले देवळांचे कळस बघत जो तो "यंदा काय खरं न्हाय" असं अगदी खुशीत म्हणतोय. आम्हीही खुशीतच घरी यायचो. पुढं लग्न होऊन मी नदीकाठच्या गावात आले, आणि आता पूरच मला बघायला यायला लागला.

गाव शहरापासून लांब नाही. मी कोल्हापुरातल्याच एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवते, सकाळच्या एसटीनं जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पलीकडं कोकण. समुद्रावरून निघालेले ढग ती भिंत चढून आले की आमच्याच खोऱ्यात रिकामे होतात, आणि वरच्या अंगाचं सगळं पाणी आमच्या दारावरून पुढं जातं. वर्गात हे मी नकाशावर फार झोकात शिकवते. घरी आल्यावर मात्र तोच भूगोल गुडघाभर चिखल होऊन उंबऱ्यात उभा असतो.

आमच्या गावाच्या वेशीत, मारुतीच्या देवळासमोर, एक काळ्या दगडाचा खांब आहे. चांगला पुरुषभर उंच. त्यावर टाकीनं कोरलेल्या तीन आडव्या रेघा आहेत. सगळ्यात खालची दाव्याची रेघ. नदीचं पाणी तिला टेकलं की गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडायची आणि त्यांना वरच्या माळावर न्यायचं. मधली चुलीची रेघ. पाणी तिथवर आलं की चुली विझवून माणसांनीही निघायचं. सगळ्यात वरची मारुतीची, म्हणजे पाणी देवळाच्या गाभाऱ्यात शिरलं. ती भिजली की मागं राहिलेल्या घराकडं वळून बघायचं नाही, एवढंच.

खांब कुणी रोवला ते कुणाला माहीत नाही. मी लग्नानंतर पहिल्या उत्साहात घरोघर विचारत फिरले, तर प्रत्येक घरानं आपापला पणजोबा पुढं केला. पण दगडावर गावाचा विश्वास मात्र एकमुखी. लवकर जनावरं हलवली तर हसं व्हायचं. "पाणी बघून पळालं," म्हणून वर्षभर टोमणे. गल्लीत घोटाभर पाणी तर दरसाल येतं आणि जातं, त्याला कुणी मोजत नाही. डोळ्यांना काहीही दिसो, दगडाची रेघ भिजल्याशिवाय दावं सोडायचं नाही ही गावाची शिस्त. मला सुरुवातीला तो आडमुठेपणा वाटला. मग दोन-तीन पूर पाहिले आणि दगड दरवेळी बरोबर निघाला. तेव्हा मीही शाळेतून आल्या आल्या आधी दगडाकडं बघायला लागले.

सासूबाई थकल्यावर वेशीपर्यंत जायच्या नाहीत. त्या आमच्या सोप्यातनं देवळाच्या पायऱ्या बघायच्या. "दुसरी पायरी भिजली, दाव्याची रेघ भिजली, चला," असं म्हणायच्या. दोन्ही एकाच उंचीवर होत्या. त्या गेल्या, पण आमच्या घरात ते पायरीचं बोलणं राहिलं.

नंतर गावात सिमेंटचा रस्ता झाला. मुरूम टाकून टाकून वेशीतला रस्ता गुडघाभर उचलला. देवळाची पहिली पायरी त्याखाली गाडली गेली, दुसरी रस्त्याच्या बरोबरीला आली. दगडही गुडघ्यापर्यंत गाडला जाणार, दाव्याची रेघ मातीखाली जाणार, तेव्हा देवळाच्या कमिटीला ते बघवेना. कमिटीचे प्रमुख माझे चुलत सासरे. गाव त्यांना तात्या म्हणतं, आम्हीही. वाडवडिलांच्या खुणेवरून ट्रॅक्टर जाणार, गुरं शेण टाकणार, हे चालायचं नाही असं त्यांनी ठणकावलं. मग दगड मुळासकट उपटला, धुतला, रस्त्याच्या कडेला चौथरा बांधला, चौथऱ्याला पांढऱ्या फरशा लावल्या आणि दगड त्यावर उभा केला. हळद-कुंकू झालं, नारळ फुटले, सगळ्या गावाला महाप्रसाद झाला. पुढं स्टीलचं ग्रीलही बसलं. एवढ्या मायेनं आणि एवढ्या भक्तिभावानं गावानं आपलं मोजमाप कमरेएवढं वर चढवून ठेवलं, आणि त्या दिवशी हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच पावसाळ्यात पाणी चढलं. माझी धाकटी जाऊ नेसरीकडची. मला ती अक्का म्हणते, तिकडं थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिच्या दोन म्हशी म्हणजे तिचा संसारच. डेअरीचं दूध तीच घालायची, म्हशींना धुवायची तीच, त्यांच्याशी घरच्या माणसासारखी भांडायचीही तीच. त्या संध्याकाळी माझा दीर वेशीत जाऊन आला. म्हणाला, "दगूड कोरडा हाय. रेघ लई लांब हाय." सगळी गल्ली निवांत झोपली.

पहाटे तिच्या ओरडण्यानं आम्हाला जाग आली. गोठा मागच्या अंगाला, नदीकडच्या उतारावर. एक म्हैस दावं तोडून पोहत बाहेर पडली होती. दुसरीचं दावं आखूड होतं, तिला मान वर करता आली नाही. जाऊ छातीभर पाण्यात तिचं शिंग धरून उभी होती आणि सोडायला तयार नव्हती. शेवटी दिरानं आणि मी तिला ओढून बाहेर काढलं. माळावर पोचल्यावर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "अक्का, दगूड कोरडा हुता की गं. दगूड कोरडा हुता."

पाणी ओसरल्यावर मी वेशीत गेले. चौथऱ्यासमोर उभी राहिले आणि पाहिलं की दगडाचा खालचा भाग ओबडधोबड आहे. तिथं टाकी लागलेलीच नाही, कारण तो जमिनीत गाडलेला असायचा. आता तोही उजेडात आला होता आणि त्याला फुलांचा हार घातला होता. मी वळून देवळाची दुसरी पायरी बघितली, पुन्हा दाव्याची रेघ बघितली. पूर्वी दोन्ही एका उंचीला होत्या. आता रेघ माझ्या पोटाजवळ होती आणि पायरी पायाशी. माझं डोकंच फिरलं. एवढी साधी गोष्ट! मी तशीच तात्यांच्या घरी गेले.

तात्या वाईट माणूस नाहीत. गावात कुणाचं मयत असो की बारसं, पहिला पाय त्यांचा. पण एकदा हात जोडले की ते डोळे उघडत नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमचं खरं आसंल. पर आता प्रतिष्ठा झालीया. बसवल्याला देव उठवायचा म्हंजे काय खेळ हाय व्हय?"

"तात्या, तो देव नव्हता. खूण होती."

"आता हाय की," ते म्हणाले आणि चहा मागवला.

सरपंचांकडं गेले. त्यांनी मान डोलावली. ग्रामसेवकांनी डोलावली. कमिटीतल्या प्रत्येकाला मी एकेकटं गाठलं, आणि प्रत्येकजण म्हणाला की मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, पण दगड हलवला आणि उद्या कुणाच्या घरात काही वाईट झालं तर बोल कुणाला लागणार? म्हैस मेली त्याचा बोल कुणाला लावायचा, असं मी विचारलं की सगळे पावसाला लावून मोकळे. सगळ्या गावाला पटलेली आणि कुणीच न करायची गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला इतका राग यायचा की भाकरी थापताना परात वाजायची.

दगड खाली येणार नसेल तर रेघच दारोदार न्यायची, असं मी उन्हाळ्यात ठरवलं. गावातल्या गवंड्याकडून त्याची पाण्याची नळी मागून आणली. ती साधी पारदर्शक नळी असते. पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला थांबतं, मध्ये कितीही चढउतार असोत. एक टोक मी देवळाच्या दुसऱ्या पायरीशी धरलं, दुसरं जावेनं आमच्या घराच्या भिंतीशी. पाणी थांबलं तिथं तिनं निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ मारली. मग दगडावरची अंतरं मोजून तिच्या वर चुलीची रेघ आणि तिच्याही वर मारुतीची. मारुतीची मारायला तिला स्टुलावर चढावं लागलं. खाली उतरून ती भिंतीकडं बघत राहिली. आपण कुठल्या पाण्यात राहतो ते तिला तेव्हा पहिल्यांदा उभं दिसलं असावं. मलाही.

पुढच्या घरापासून खरी लढाई सुरू झाली. कुणाला नवा रंग खराब होण्याची चिंता. कुणी म्हणालं, "घरावर पुराची रेघ बघितली तर जागा कोण घील?" पण सगळ्यात मोठी अडचण लग्नाची. आमच्या भागात नदीकाठच्या गावात पोरगी द्यायला आधीच माणसं नाक मुरडतात. त्यात दारावरच निळ्या रंगात लिहून ठेवायचं की इथवर पाणी येतं! तात्यांच्या नातवासाठी त्याच उन्हाळ्यात स्थळं बघणं चालू होतं. आम्ही नळी घेऊन त्यांच्या दारात गेलो तर ते उंबऱ्यातच आडवे उभे राहिले.

"ह्या भिंतीला हात लावायचा न्हाय. पावणं येणार हाईत."

"तात्या, तुमचं घर गल्लीत सगळ्यात खाली आहे. तुम्हालाच पहिली गरज."

"मला दगूड सांगतोय. तुमी शाळंत शिकवा जावा."

मी रागानं परतले, पण थांबले नाही. शाळा सुटली की आम्ही दोघी जावा नळी गुंडाळून निघायचो. लोक आम्हाला 'नळीवाल्या' म्हणायला लागले. म्हणू देत. काही घरांनी रेघ मारू दिली, काहींनी मारू दिली आणि आठवड्यात चुना फासून पुसली. पुसली तिथं मी पुन्हा गेले. एका घरी पुन्हा मारताना त्या घरची बाई म्हणाली, "तुमाला कट्टाळा कसा येत न्हाय ओ?" मी म्हटलं, येतो, पण म्हशीला पाण्यात बघितल्यापासून तो कंटाळा परवडत नाही. तिनं चहा टाकला, आणि ती रेघ पुन्हा पुसली गेली नाही.

आषाढ संपता संपता आभाळ फाटलं. वरच्या अंगाला धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, शाळेला सुट्टी पडली. दुपारी जेवणं उरकत होती तेव्हा गल्लीत पाणी आलं, पहिल्यांदा घोट्याएवढं, मग वर. आमच्या भिंतीवरच्या निळ्या रेघेला ते टेकलं तशी जाऊ उठली आणि तिनं म्हैस सोडली. तिच्या पाठोपाठ शेजारच्यांनी सोडली. ज्यांनी रेघ पुसली होती त्यांनीही शेजाऱ्याच्या भिंतीकडं बघून सोडली. बघता बघता सगळी गल्ली म्हशी, रेडकं, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या घेऊन माळाच्या वाटेला लागली. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

तात्यांचा गोठा मात्र भरलेला होता. पोरं कोल्हापुरात कामाला, घरात ते आणि त्यांची सून. ते छत्री घेऊन वेशीत चौथऱ्यापाशी उभे. पाणी फरशीला नुसतं लागलं होतं आणि दगड झकास कोरडा. मी त्यांच्यापाशी जाऊन विनवलं, हात जोडले. ते दगडाकडं बोट दाखवत म्हणाले, "रेघ बघा की. अजून लई टाइम हाय."

मी आणखी काय बोलणार होते कुणास ठाऊक. तेवढ्यात जाऊ माझ्या शेजारून गेली. आपली म्हैस माळावर पोचवून ती परत आली होती आणि तिच्या हातात विळा होता. ती सरळ तात्यांच्या गोठ्यात शिरली. आम्ही मागं धावलो तोवर तिनं पहिल्या म्हशीचं दावं कापलंही होतं.

"ए! कुणाच्या गोठ्यात शिरलीयास?" तात्या ओरडले. "दगडाला पाणी न्हाय अजून!"

जावेनं मान वर केली. चुलत सासऱ्यांसमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आता पदर कमरेला खोचलेला होता आणि अंगावर शेणपाणी. ती ओरडली नाही.

"तात्या, माजी म्हस मेली तवा बी दगूड कोरडाच हुता."

तात्यांनी छत्री मिटली, कुठं ठेवावी ते न कळून काखेत मारली. तिनं दुसरं दावं कापलं, तिसरं कापलं. मग ते खाली वाकले, कोपऱ्यातलं थरथरणारं रेडकू त्यांनी उचलून खांद्यावर घेतलं आणि सुनेला हाक मारत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावरून पाहिलं तर तात्यांच्या गोठ्याचं पाण्यावर फक्त छप्पर दिसत होतं. वेशीतला पांढरा चौथरा बुडालेला, वर दगड तेवढा मधोमध उभा. पाणी दगडाच्या दाव्याच्या रेघेपर्यंत नुकतंच पोचलं असावं. तात्या तिकडंच बघत, माझ्याकडं न वळता म्हणाले, "आत्ता सोडायला सांगतोय त्यो." मला त्यांच्यावर रागवायचं होतं, भरपूर साठवून ठेवलेला राग होता, पण तो निघाला नाही. मी त्यांना चहा नेऊन दिला.

पूर उतरला. चिखल काढून, भांडी घासून, भिंतीला पाठ टेकता यावी इतपत घर वाळलं तेव्हा एका सकाळी वेशीतून पहारीचे घाव ऐकू आले. मी धावत गेले. तात्या स्वतः चौथऱ्याच्या फरशा फोडत होते. कमिटीतले दोघं-तिघं कडेला अवघडून उभे. एकजण म्हणाला, "तात्या, भटजींना तरी इचारू. मुहूर्त बघून करू."

"मुहूर्त बघून वर चढीवला हुता," तात्या म्हणाले, "आता पाणी बघून खाली आणा." आणि पहार त्यांनी त्याच्याच हातात दिली.

मग मात्र गाव लागलं. रस्ता फोडला, खड्डा घेतला, जुनी माती लागेपर्यंत उकरलं. नळीचं एक टोक पायरीशी तात्यांनी धरलं, दुसरं दगडाशी मी. चार वेळा दगड वर-खाली केला तेव्हा कुठं रेघ जुळली. आता तो रस्त्याच्या पातळीखाली, खड्ड्यात उभा आहे, गुडघाभर. भोवतीनं बांधलेल्या दगडी कड्यात पावसाचं पाणी साचतं आणि पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडतात. दिसायला अजिबात शोभा नाही. बाहेरचा पाहुणा विचारतो, हे असं खाली का हो? तात्या प्रत्येकाला थांबवून सगळी हकिगत सांगतात, पार जावेच्या विळ्यापर्यंत.

दगड बसवला त्या दिवशी बाया ओटी घेऊन आल्या, हळद-कुंकू लावून हात जोडून गेल्या. गर्दी पांगल्यावर जाऊ आली. तिनं हात जोडले नाहीत. कड्यात उतरून तिनं दाव्याच्या रेघेवर आपला तळवा आडवा ठेवला, तिथून नजर गल्लीत, आमच्या भिंतीवरच्या निळ्या रेघेपर्यंत नेली, तिथून घरामागच्या गोठ्याच्या छपराकडं, जिथं एक दावण अजून रिकामी होती. मग म्हणाली, "आता खरं बोलतोय, अक्का," आणि वर चढायला तिनं माझा हात मागितला.